गावाच्या कडेचं शेत मास्टर प्लॅनमध्ये आवासीय करायचंय? मग या चुका टाळा

तीस वर्षं झाली, इंदूरच्या आजूबाजूच्या गावांत जमिनी मोजतोय. मास्टर प्लॅनचा, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा, विषय निघाला की माणूस सांवेर रोडचा असो की खंडवा रोडचा, तेच कागद त्याच अर्धवट अवस्थेत माझ्या टेबलावर येतात. गावाची आबादी, म्हणजे वस्ती, संपते तिथून पुढचं दोन-चार बिघ्यांचं शेत असतं, शहर जवळ आलेलं असतं, मुलांना शेती करायची नसते, तेव्हा ते कृषीतून आवासीय, म्हणजे घरांसाठीचं, व्हावं ही मागणी अगदी रास्त आहे. पण कागद कच्चा असला की रास्त मागणीही पडते, आणि एकदा पडली की पुढच्या प्लॅनपर्यंत बसून राहायचं. आपला २०२१ च्या नावाचा प्लॅन १ जानेवारी २००८ ला लागू झाला, त्याच्या नावातलं वर्ष उलटून गेलं तरी लोक नव्याची वाटच बघत राहिले, म्हणजे ही वाट किती लांब असते ते इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी चूक: खसरा बघितला, अक्स नाही बघितला

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती मी स्वतः एकदा केली आहे.

वाटणी झाली की खसऱ्यात, म्हणजे शेतांच्या सरकारी नोंदीत, बटा नंबर पडतात. ८४ चे ८४/१, ८४/२, ८४/३ होतात, तिघांच्या वेगवेगळ्या पावत्या, म्हणजे जमिनीच्या पुस्तिका, बनतात, बी-१ मध्ये, म्हणजे खातेउताऱ्यात, वेगळी नावं येतात. पण नकाशावर, म्हणजे अक्सवर, त्या रेघा कोणी मारलेल्याच नसतात. तिथे अजून एकच मोठा ८४ असतो. याला आपल्याकडे तरमीम न होणं म्हणतात, आणि गावोगाव अशी शेकडो शेतं पडून आहेत. रोजच्या शेतीला काही अडत नाही, बांध सगळ्यांना माहीत असतो. प्लॅन बनवणाऱ्याला मात्र तुमचा बांध माहीत नसतो, त्याच्यासमोर फक्त नकाशा असतो आणि त्या नकाशावर तुमचं ८४/३ कुठे आहे हे लिहिलेलंच नसतं.

जुन्या प्लॅनचा मसुदा निघाला तेव्हा सुदामा नगरात राहणारे एक गृहस्थ आले, तिघा भावांतले धाकटे. होळकरांच्या काळापासूनची जमीन, मोठे भाऊ वारलेले, त्यांचा हिस्सा वहिनींच्या नावावर. धाकटे म्हणाले की रस्त्याकडचा तुकडा माझा, वीस वर्षं तो मीच बटाईने देतोय. हातात खसरा होता, नाव बरोबर, रकबा, म्हणजे क्षेत्रफळ, बरोबर. सूचना-हरकतींना तीस दिवस मिळतात, त्यातले सव्वीस गेलेले. मी घाईत त्यांच्या सांगण्यावरून रस्त्याकडचा तुकडा रंगवून नकाशा काढून दिला. अक्सची प्रत मागवलीच नाही.

सुनावणीच्या दिवशी दुसऱ्या बाजूने वहिनी उभ्या. त्यांच्या मते वाटणीच्या वेळी रस्त्याकडची जागा मोठ्या हिश्श्याला दिली होती, धाकट्याने कसायला घेतली कारण मोठे भाऊ आजारी होते, आणि विहीरही त्यांच्याच हिश्श्यात. समोरच्या साहेबांनी शांतपणे अक्स उघडला, त्यावर एकच नंबर, ८४. ते म्हणाले, तुमचं तुम्हीच ठरवून या. ठरवायला वेळ कुठे होता? सूचना तिथेच संपली. शेजारचे दोन नंबर पिवळे, म्हणजे आवासीय, झाले, यांचं शेत कृषीच राहिलं, आणि त्या घरात दिवाळीला एकमेकांकडे जाणं बंद झालं. ते दुःख कागदापेक्षा मोठं होतं आणि त्यात माझाही हात होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की कोणीही आलं तरी आधी अक्स, मग खसरा, मग बाकी बोलणं. बटा नंबर असेल आणि अक्सवर रेघ नसेल तर मी प्रस्ताव लिहायला बसतच नाही, आधी तहसीलीत तरमीमचा अर्ज द्यायला लावतो. आणि हद्दीवरून जरा जरी कुरबूर असली तर भू-राजस्व संहितेच्या धारा १२९ खाली सीमांकन, म्हणजे हद्दीची मोजणी, करून घ्या, शेजाऱ्यांना नोटीस जाऊ द्या, पंचनाम्यावर त्यांच्या सह्या होऊ द्या. यात महिने जातात हे खरं आहे. म्हणूनच हे काम मसुदा निघायच्या आधी करायचं असतं, वर्तमानपत्रात बातमी आल्यावर नाही.

याच्याच जोडीची चूक म्हणजे आजोबांच्या नावावरची जमीन. आपल्या मराठी घरांत हे फार आहे, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, एक काका पुण्यात, आत्या बडोद्याला, चुलतभाऊ अमेरिकेत, आणि खसऱ्यात अजून आजोबाच. फौती नामांतरण करून घ्या आधी. सगळ्या वारसांची नावं चढू द्या, बहिणींचीसुद्धा, त्यांना वगळून काम लवकर होईल असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

रस्ता आहे ना, रोज ट्रॅक्टर जातो की!

हो, जातो. पण कोणाच्या जमिनीवरून?

कनाडियाच्या पुढे एका गावात शेत बघायला गेलो होतो, मालक अगदी खुशीत दाखवत होते की मोबाइलच्या नकाशावर सरळ रस्ता दिसतो. दिसतच होता. फीत लावली तर तो साडेतीन मीटरचा, आणि अक्सवर तिथे रस्ताच नाही, शेजाऱ्याचं शेत. शेजाऱ्याच्या वडिलांनी यांच्या वडिलांना मैत्रीत वाट दिली होती, एवढाच त्याचा इतिहास. उपग्रहाच्या चित्रात चाकोरी दिसते, मालकी नाही दिसत.

लोक मग म्हणतात, त्याच संहितेची धारा १३१ आहे ना, तहसीलदार रस्ता खुला करून देतील. जुन्या वहिवाटीची शेताची वाट अडवली असेल तर देतील, पण ती बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट आहे, त्यावर घरांची वसाहत उभी राहत नाही. वसाहतीला अग्निशमनची गाडी यायला हवी, पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन जायला हवी, दोन कार समोरासमोर निघायला हव्यात. मी प्रस्तावात रस्त्याची रुंदी तीन ठिकाणी मोजून लिहितो, सगळ्यात अरुंद जागेचा फोटो लावतो, आणि शासकीय रस्ता म्हणून त्याची नोंद असल्याचा कागद जोडतो. अरुंद जागा लपवून काय मिळणार, कोणीतरी जागेवर येऊन बघेलच. रस्त्यासाठी शेजाऱ्याची पट्टी लागणार असेल तर त्याला सोबत घ्या, दोघांचा मिळून एकच प्रस्ताव द्या. एकट्याच्या तुटक तुकड्यापेक्षा आबादीला लागून असलेला सलग पट्टा प्लॅनमध्ये जास्त पटतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पावसात एकदा तरी शेतात उभे राहा

मे महिन्यात शेत बघून घरं ठरवू नका. माळव्याची काळी माती आहे ही, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि श्रावणात पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. जो खड्डा मे मध्ये नुसती खाचर वाटते तो जुलैत नाला असतो, आणि तो नाला पुढे जाऊन कान्ह नदीला मिळत असेल तर त्याच्या काठची मोकळी पट्टी सोडावीच लागते. मी तर जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जातो, पाणी कुठून शिरतं नि कुठे जातं ते वहीत काढतो, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो की सगळ्यात जास्त पाणी कुठवर चढलं होतं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१८ च्या सुमाराला होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा करायला आले होते, त्यांचा आग्रहच असा की आधी शहर पायी फिरून नीट बघायचं आणि मग रेघ मारायची. शंभर वर्षांनी आपण मोबाइलवर बोट फिरवून शेताचा निर्णय घेतो, हे मला मनापासून खटकतं.

‘यलो करून देतो’ म्हणणारे

नकाशात आवासीय जमीन पिवळी दिसते म्हणून दलालांची ही भाषा आहे. कोणीही एक माणूस जमीन पिवळी करून देऊ शकत नाही. नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा आहे, त्यात मसुदा, तीस दिवस, सुनावणी, शासनाची मंजुरी अशी वाट आहे, आणि हरकती ऐकणाऱ्या समितीत लोकप्रतिनिधी आणि सरपंचही असतात. पैसे घेऊन आतून काम करून देतो म्हणणाऱ्याला दारातच नमस्कार करा.

याहून वाईट म्हणजे प्लॅन यायच्या आधीच चुना मारून प्लॉट पाडणं आणि नोटरीवर विकणं. मला यात काही समजून घेण्यासारखं वाटत नाही. ज्याने आयुष्याची कमाई देऊन वीस बाय पन्नासचा तुकडा घेतला त्याला ना नळ मिळतो ना नकाशा पास होतो, आणि अवैध कॉलनीचा शिक्का बसला की तुमच्या शेताचीही वाट लागते. या धंद्यात आत्ताच नवीन उतरलेली मुलं म्हणतात, काका सगळेच करतात. सगळे करत नाहीत.

आणि जमीन प्लॅनमध्ये पिवळी झाली म्हणजे काम झालं असंही समजू नका. टीएनसीपीकडून, म्हणजे नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून, लेआउट, मग डायव्हर्शन, म्हणजे शेतीचा वापर बदलून घेणं, मग कॉलनी विकासाची परवानगी, मग रेराची नोंदणी, हे सगळं बाकीच असतं. डायव्हर्शन २०१८ च्या दुरुस्तीनंतर सोपं झालं, प्लॅनशी जुळत असेल तर ठरलेली रक्कम भरून एसडीओंना, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांना, कळवायचं. पण प्लॅनशी जुळत असेल तर, हे विसरू नका.

बाकीच्या छोट्या, पण फाइल अडवणाऱ्या

शेत आधीच एखाद्या टीपीएस, म्हणजे नगर विकास, योजनेत आहे का ते विकास प्राधिकरणात बघा, असेल तर तिथे १९७३ च्या अधिनियमातल्या धारा ५० चा हिशोब चालतो आणि बोलणी वेगळी होतात.

शासकीय पट्ट्यातून, म्हणजे सरकारी वाटपात, मिळालेली जमीन असेल तर कलेक्टरांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, भू-राजस्व संहितेची धारा १६५ (७-ख). खसऱ्याचा शेरा वाचा.

स्वामित्व योजनेचं कार्ड आबादीतल्या घराचं असतं, शेताचं नाही.

शेजारी चरनोई, म्हणजे गुरांची सरकारी चराऊ जमीन, असेल तर ती आपल्या नकाशात ओढून घेऊ नका, चुकूनसुद्धा.

वरून हाय टेन्शन लाइन जाते का? मान वर करून बघा, फार जण बघत नाहीत.

गाव निवेश क्षेत्रात, म्हणजे प्लॅनच्या हद्दीत, आहे की नाही, हे आधी तपासा. नव्या प्लॅनसाठी ७९ गावं जोडली गेली आहेत, पण शेजारचं गाव आहे म्हणून आपलंही असेलच असं नाही.

झेरॉक्स दुकानातला छापील अर्ज, ज्यात फक्त नाव भरायचं असतं, तो देऊ नका. पन्नास जणांचं एकच वाक्य वाचून कोणालाही काही कळत नाही.

आणि ‘इथे दोनशे घरं होतील’ असं फुगवून लिहू नका. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात, त्यातून रस्ते, बगीचा आणि सोयींची जागा काढली की प्लॉटसाठी निम्म्याच्या आसपासच उरतं. गावात किती घरांची खरंच गरज आहे, शाळा किती लांब, नर्मदेच्या पाण्याची लाइन कुठवर आली आहे, एवढं साधं लिहिलं तरी पुरतं.

माझा प्रस्ताव असा असतो: एक पान मजकूर, एक अक्स ज्यावर शेत लाल रेघेने दाखवलेलं, खसरा आणि बी-१, रस्त्याच्या नोंदीचा कागद, सहा फोटो आणि प्रत्येक फोटोखाली कुठल्या बाजूला तोंड करून काढला ते. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही, आणि सुनावणीला मालकाला स्वतः यायला लावतो, कारण शेताबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापेक्षा नीट कोणी देऊ शकत नाही.

सुदामा नगरच्या त्या गृहस्थांची फाइल पुन्हा माझ्याकडे आली आहे, नव्या प्लॅनसाठी. या वेळी तरमीम झालेला अक्स लागलाय, ८४ च्या तिन्ही रेघा स्पष्ट दिसतात, रस्त्याकडचा तुकडा वहिनींचाच निघाला. विहीर तिघांत सामायिक लिहून घेतली. प्रस्ताव तिघांचा मिळून एकच आहे, आणि पहिली सही वहिनींची आहे.