विज्ञानकथा लिहायची आहे पण सुरुवात कुठून करू? माझा अनुभव

विज्ञानकथा लिहायला पीएचडी लागते का असं बरेच जण विचारतात. नाही लागत. मी बीएस्सी केमिस्ट्री, पाणी शुद्धीकरण केंद्राच्या लॅबमध्ये शिफ्ट करते, आणि माझी पहिली कथा तिथल्या बीकरमधूनच निघाली.

पण आधी खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर सरांचं सांगते, कारण माझी भीती त्यांच्यामुळे गेली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. सर अहमदाबादला एका परिसंवादात बसलेले, भाषण कंटाळवाणं चाललेलं, समोर टिपणं काढायचे कागद, त्यांनी त्यावरच कथा लिहायला घेतली, ‘कृष्णविवर’. विषय घरचाच! नाव बघून परीक्षकांवर दडपण नको म्हणून आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. १९६५ लाच पद्मभूषण मिळालेला माणूस, आणि त्याला आपली गोष्ट फक्त गोष्ट म्हणून जोखून हवी होती, हे मला फार म्हणजे फार भिडलं.

आता माझं. पावसाळ्यात धरणातून चहासारखं पाणी येतं तेव्हा जार टेस्ट सारखी करावी लागते. सहा बीकर, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा, पॅडल आधी जोरात मग सावकाश फिरवायची, गाळाचे कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि पॅडल थांबली की हळूहळू तळाला बसतात, कमीत कमी तुरटीत जिथे पाणी निवळलं तो डोस प्लांटला सांगायचा. एका नाइट शिफ्टला रात्री अडीचला ते बघत बसले होते आणि डोक्यात आलं, ह्या पुंजक्यांनी खाली बसायचंच नाही ठरवलं तर? तिथेच रफ वहीत लिहायला लागले.

चौदा पानं झाली. त्यातली चार पानं तुरटी कशी काम करते ह्याची. एका दिवाळी अंकाला पाठवली, साभार परत. खूप रडले. मग धाकट्या बहिणीला वाचायला दिली, ती कॉमर्सची, तिने ती चार पानं सरळ उलटली आणि विचारलं, “ताई, त्या ऑपरेटरच्या मुलीने ते पाणी प्यायलं का नाही? ते सांग की!” ते मी लिहिलंच नव्हतं.

तिथे मला कळलं. चार पानांचं एक वाक्य केलं, मुलगी पहिल्याच पानावर आणली, कथा आठ पानांवर आली आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या अंकात छापून आली.

म्हणून नवीन लोकांना सांगते, परग्रह वगैरे शोधत बसू नका, जे काम तुमच्या हाताखालून रोज जातं त्यातली एकच गोष्ट बदला, एकच, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा, मग बघा कोणाच्या घरात काय होतं. शेतकरी असाल तर ड्रिपच्या पाइपातून सुरू करा, नर्स असाल तर सलाइनपासून. आणि पहिला वाचक आपल्या विषयाबाहेरचा पकडा. माझी बहीण अजूनही सगळ्यात आधी वाचते, ती जिथे पान उलटते तिथे मी पेन्सिलने खूण करून ठेवते.