कॉम्प्युटरचा प्रोसेसर खरंच तापतोय का? मोजायला बसण्याआधी

आधी खोलीत भिंतीवर टांगायचा एक साधा थर्मामीटर आणा. गोव्यात डिचोलीला माझ्या माडीवरच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तीनला ३३ अंश असतात, डिसेंबरात पहाटे २२. प्रोसेसरवर बसवलेला, पंख्यावर चालणारा कुठलाही कूलर त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून रिकाम्या, म्हणजे काहीही काम न चालणाऱ्या, मशीनवर मेमध्ये ४८ दिसले तर मी निर्धास्त असतो आणि डिसेंबरात तेच ४८ दिसले तर कॅबिनेट उघडतो. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि फरक बघा.

मग आपल्या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा किती, ते कंपनीच्या साइटवर बघून तीही टिपून ठेवा. सगळ्यांना एकच पट्टी लावता येत नाही. इंटेलचा आय ५-१२४०० १०० अंशांपर्यंत जातो, एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स ९० पर्यंत, आणि रायझन ५ ७६००एक्स तर पूर्ण ताणात ९५ ला टेकूनच चालेल अशा बेतानं बनवलाय. त्यावर ९५ दिसले म्हणून घाबरू नका. ५८००एक्सवर मात्र ८९-९० दिसत राहिले तर कूलर पुरा पडत नाहीये.

मोजायला एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम घ्या. बायोसमधला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरचा) आकडा धरू नका; तिथे वीज वाचवायच्या सोयी बहुधा चालू नसतात, म्हणून तो रिकाम्या विंडोजपेक्षा चढा दिसतो. मशीन चालू करून पंधरा मिनिटं काहीही न उघडता ठेवा, आकडा लिहा, मग सिनेबेंचची, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देणाऱ्या चाचणी-प्रोग्रॅमची, दहा मिनिटांची फेरी लावा. त्या वेळी समोर बसून राहा, कारण आकडा कसा चढतो यातच सगळं कळतं. ४५ वरून एक-दोन सेकंदांत मर्यादेला भिडला, तर कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेला नसण्याची शक्यता मोठी. सावकाश, आठ-दहा मिनिटं चढतच राहिला, तर गरम हवा कॅबिनेटमध्ये कोंडतेय. अशा वेळी बाजूचा पत्रा काढून तीच फेरी पुन्हा लावा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला, तर दोष हवेच्या वाटेचा. तापमानासोबत गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा, रकानाही बघा. वेग मध्येच घसरला आणि त्याच वेळी तापमान मर्यादेवर असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवतोय.

माझ्या भाच्याच्या मशीनवर हेच झालं होतं. परीक्षेच्या प्रोजेक्टच्या आठवड्यात व्हिडिओ रेंडर करायला लावला की मशीन रडतखडत चाले, आणि तो बिचारा रात्र रात्र जागे. उघडून बघितलं तर इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात आलेल्या कूलरच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक वर आली होती. बोटानं दाबली, तशी टक् करून बसली. त्याच फेरीत ९९ चे ७४ झाले. म्हणून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) विकत आणायच्या आधी मदरबोर्डच्या (ज्यावर प्रोसेसर बसतो त्या मुख्य बोर्डाच्या) मागच्या बाजूनं चारही खुंट्या पूर्ण बाहेर आल्यात का, ते बघा.

आमच्याकडे खाणीच्या रस्त्यांची तांबडी धूळ कूलरच्या पात्यांत थर करून बसते, आणि पावसाळ्यात दमटपणानं ती चिकटते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. कूलर काढायचाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड आणि नवी पेस्ट आधीच हाताशी ठेवा. जुनी पेस्ट पुन्हा वापरू नये. एएम ४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) रायझनला जपा. दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ करा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

मशीन अचानक बंद पडत असेल तर उष्णतेवर बोट ठेवण्याआधी लाईटचा विचार करा. जूनमध्ये वारा सुटला की इथे वीज क्षणभर जाते आणि येते. यूपीएसची बॅटरी थकलेली असली तर मशीन तेवढ्यात मरतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, मशीन तापून बंद पडो की वीज जाऊन, दोन्ही वेळा कर्नल-पॉवर ४१ हीच नोंद दिसते. म्हणून वहीत वेळ लिहा आणि त्या वेळी घरातला दिवा लुकलुकला होता का, ते आईला विचारा.