वस्तरा पाजळायची स्पर्धा: भांडण न होता कशी घ्यावी

सरळ वस्तऱ्याने दाढी करणारे चार हौशी लोक एकत्र आले की गप्पा धारेवर येतात आणि तिथून "माझ्या दगडाला तोड नाही" यावर. मग कुणीतरी स्पर्धेची टूम काढतो. टूम चांगली आहे. पण प्रत्येकाने आपापला लाडका वस्तरा घरून पाजळून आणायचा आणि एका जाणत्याने सगळ्यांवर अंगठा फिरवून निकाल द्यायचा, याला मी स्पर्धा म्हणत नाही. त्यात जर्मनीच्या झोलिंगनचं, वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं जुनं पोलाद जिंकतं, माणूस जिंकत नाही. माझी नोकरी चिंचवडला टूलरूममध्ये झाली, त्यामुळे मला एकच पद्धत कळते: हात सोडून बाकी सगळं सारखं करायचं, आणि मग हात मोजायचा.

सुरुवात वस्तऱ्यांपासून. सगळ्यांना एकाच बनावटीचे, एकाच खेपेतले वस्तरे द्या. चिनी 'गोल्ड डॉलर ६६' यासाठी ठीक आहे. स्वस्त आहे, पोलाद वाईट नाही. मात्र घडणीत एकसारखेपणा कमी, म्हणून थोडे जादाच मागवा आणि निवडून घ्या. पातं जाड काचेवर आडवं ठेवा. डुगडुगलं तर बाद. मग व्हर्निअरने पाठीची जाडी टाचेशी (मुठीकडच्या बाजूला), मध्ये आणि टोकाशी मोजा, आणि धारेपासून पाठीपर्यंतची रुंदीही घ्या. पाजळताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणून जाडीला रुंदीने भागून ५७ ने गुणलं की धारेचा कोन अंशांत मिळतो. पाठ साडेपाच मिलिमीटर आणि रुंदी २० असेल तर कोन पावणेसोळाच्या आसपास येतो. वस्तऱ्याला साधारण १६ ते १८ अंश चांगले. माझा आग्रह असा की स्पर्धेतल्या कुठल्याही दोन वस्तऱ्यांत एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा.

या वस्तऱ्यांची टाचेजवळची जाड बाजू दगडाला अडते. ती घासून मोकळी करणं आणि १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक) पहिली धार बसवणं हे काम आयोजकानेच सगळ्या वस्तऱ्यांवर करून ठेवायचं. नाहीतर निम्मी स्पर्धा लोखंड घासण्यातच जाते. त्यानंतर सगळे वस्तरे बोथट करा, आणि तेही एकाच माणसाने. काचेच्या पेल्याच्या बुडावर धार उभी टेकवून, वजन न टाकता, दोनदा ओढायची. मग दिव्याखाली धार सरळ समोर धरा. टाचेपासून टोकापर्यंत पांढरी रेघ चमकली पाहिजे. तीक्ष्ण धारेवरून उजेड परतत नाही, बोथट धारेवरून परततो. ज्या वस्तऱ्यावर रेघ तुटक दिसेल तो पुन्हा ओढा. इथे आळस केला तर कुणाला तरी अर्धी धार फुकट मिळते.

आता दगड. याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. बेल्जियमचा कोटिक्यूल, जपानी नैसर्गिक दगड, जर्मनीचा थुरिंगियन, अशी मंडळी आली की बिचारा साधा कृत्रिम दगडवाला आधीच हरल्यासारखा बसतो. पहिल्या वेळेला तरी सगळ्यांना एकच संच द्यावा असं मला वाटतं. संच ठरवताना नंबरांवर विसंबू नका. नॉर्टन या अमेरिकी कंपनीच्या ८००० च्या दगडाचा कण तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरतात, तर जपानी मोजपट्टीवरच्या ८००० चा कण त्याच्या निम्म्याहून बारीक असतो. "मीही आठ हजारावरच संपवलं" या वाक्याला त्यामुळे काही अर्थ नाही. प्रत्येक स्पर्धक उठला की दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या पट्टीवर) त्या पुसल्या जाईपर्यंत दगड सपाट करा. आधीच्याने पाडलेला खळगा पुढच्याच्या नशिबी नको.

पाठीवर इन्सुलेशन टेप लावायची की नाही, हेही आधीच ठरवा. साध्या टेपच्या एका थराने कोन पाऊण अंशाने वाढतो, म्हणजे आपण वस्तरे निवडताना केलेली सगळी मेहनत वाया. लावायची तर सगळ्यांनी, एकच थर, एकाच गुंडाळीतली. धार आणखी बारीक करायला चामड्यावर चोळतात त्या क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्या पेस्टला किंवा हिऱ्याच्या पेस्टला मी बंदी घालतो. आपण दगडावरचा हात बघायला जमलोय. चामोटा, म्हणजे दगडानंतर वस्तरा फिरवायचा चामड्याचा पट्टा, ज्याचा त्याने आणावा, पण त्यावर पेस्ट चोळलेली नाही हे पांढरं फडकं फिरवून बघून घ्या. वेळ दीड तास पुरतो.

जपानमध्ये सुतारांचा 'केझुरोकाई' नावाचा मेळावा भरतो. रंधा मारून लाकडाची अखंड साल काढायची आणि तिची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. हेवा वाटतो त्यांचा. काम झालं की हातात मोजायला वस्तू असते. आपल्याकडे शेवटची परीक्षा माणसाच्या गालावर होते आणि गाल काही आकडा सांगत नाही. म्हणून मी दोन फेऱ्या घेतो.

पहिली फेरी मोजमापाची. वस्तऱ्यांवर चिठ्ठीने काढलेले नंबर घाला. यादी अशा माणसाकडे द्या जो परीक्षणाच्या खोलीत येणारच नाही. पाजळून झाल्यावर नंबर पुन्हा बदला, कारण शेजारी बसलेल्याने पहिला नंबर पाहिलेला असतोच. ग्रॅममध्ये आकडा दाखवणारं 'बेस' पद्धतीचं यंत्र मिळालं तर उत्तम. त्यावर ठरावीक धागा ताणलेला असतो, तो किती दाबाला तुटतो ते यंत्र सांगतं. सेफ्टी रेझरच्या नव्या ब्लेडला ५० च्या आसपास आकडा येतो. यंत्र नसेल तर केसाची चाचणी: लोंबता केस धारेवर अलगद टेकवायचा, तो आपोआप कापला जातो का बघायचं. यासाठी सगळे केस एकाच डोक्याचे हवेत, धुतलेले हवेत, आणि मुळाच्या बाजूनेच धरायचे. जाड केसावर आणि पोराच्या रेशमी केसावर एकच धार दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगते.

टाच, मध्य आणि टोक अशा तीन जागी तपासा आणि त्यातली सगळ्यात वाईट जागा गुणांसाठी धरा. सरासरी काढू नका. दाढी करताना त्रास होतो तो त्या वाईट जागेचाच. यंत्रावर दोन-पाच ग्रॅमचा फरक आला तर तो फरक समजू नका, बरोबरी द्या. पहिल्या दोघांना पुढे घ्या. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बरोबरी आली तर त्यांनी पुन्हा बोथट करून पुन्हा पाजळायचं. कंटाळवाणं आहे, पण नाणं उडवण्यापेक्षा बरं.

दुसरी फेरी दाढीची. तिचा एक नियम कुणाच्याही आग्रहाने मोडायचा नाही: एक वस्तरा एकाच चेहऱ्याला लागेल. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे आणि एचआयव्हीचे विषाणू हौशी-व्यावसायिक असा भेद करत नाहीत. आपल्या सलूनवाल्यांनी ब्लेड बदलायचे वस्तरे घेतले ते उगाच नाही. "स्पिरिटने पुसू की" हे मी ऐकून घेत नाही.

मग तुलना कशी करायची? दोन्ही अंतिम स्पर्धकांनी प्रत्येकी तीन वस्तरे पाजळायचे. तीन चेहरे घ्यायचे. प्रत्येक चेहऱ्यावर एका गालाला एकाचा वस्तरा, दुसऱ्या गालाला दुसऱ्याचा. बाजू नाणं उडवून ठरवायची. सहा वस्तरे, तीन चेहरे, आणि कुठलाच वस्तरा दोन माणसांना लागला नाही. तिघांनीही दोन दिवस आधी दाढी बंद करायची. पाणी, साबण, फेस, सगळं एकच.

दाढी करणारा हात मात्र तिन्ही चेहऱ्यांवर एकाच माणसाचा असावा. सलूनमधले जुने काका गाठा, ज्यांनी स्वतः दगडावर वस्तरे पाजळलेत. त्यांचा दाब आणि कोन दोन्ही गालांवर सारखा राहतो; आपण हौशी लोक उजव्या गालावर राजे आणि डाव्यावर घाबरट असतो. त्यांचा दिवसाचा धंदा बुडतो, त्याचे पैसे आधी विचारून द्या, नुसत्या शाल-श्रीफळावर बोळवण नको. त्यांच्या हातात भिंग देऊ नका. कुणाची धार आरशासारखी चमकते, कुणाची धुरकट, आणि पाहिलं की मन ठरवूनच टाकतं.

दहापैकी गुण मागू नका. काकांनी फक्त लिहायचं: डावा मऊ चालला, उजवा, की दोन्ही सारखे. चेहऱ्याच्या मालकाने वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं: ओढ कुठे जाणवली. एकमेकांशी बोलायचं नाही. शेवटी दोन्ही गालांवर ओली तुरटी फिरवा. जिथे जास्त चुरचुरेल तिथे धारेने कातडी खरवडलेली असते. ही चुरचुर मी इतर सगळ्या मतांपेक्षा वर धरतो, कारण ती सभ्यपणाने लपवता येत नाही.

पावसाळ्यात हे करू नका. पाजळलेली धार दमट हवेत रात्रभर पडली तर कडेला गंज चढू शकतो आणि हरणाऱ्याला आयतं कारण मिळतं. डिसेंबर-जानेवारी धरा, आणि तरीही पाजळणं आणि दाढी यांच्यात रात्र जाऊ देऊ नका.

निकाल सांगताना यादी सगळ्यांसमोर उघडा आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडून ठेवा, ज्याला वाचायच्या त्याने वाचाव्यात. अंतिम फेरीतले सहा वस्तरे बक्षीस म्हणून विजेत्याला देण्याचा मोह होईल. देऊ नका. ते ज्या चेहऱ्याला लागले त्याच्याच घरी जायचे.