टाक्यात स्वभाव दिसतो

सर्जन व्हायच्या प्रशिक्षणाला माझा नंबर लागला तेव्हा मावशीने एकच विचारलं, "हात थरथरत नाही ना गं?" हात थरथरत नव्हता. घोळ घातला तो घाईने.

जेआर-वनला, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी, पुण्यातल्या आमच्या स्किल्स लॅबमध्ये बॉक्स ट्रेनरसमोर उभी राहिले. ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाची पेटी; आतलं सगळं कॅमेऱ्यातूनच दिसतं. पेग ट्रान्सफर हा पहिला धडा: सहा रबरी तुकडे एका ग्रास्परने (लांब दांड्याच्या चिमट्याने) खुंटीवरून उचलायचे, हवेतच दुसऱ्या ग्रास्परला द्यायचे, पलीकडच्या खुंटीवर घालायचे आणि सगळे परत आणायचे. वेळ ३०० सेकंद. अवजार ज्या छिद्रातून आत जातं त्या पोर्टचा टेकू होतो, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. दोन तुकडे माझ्या हातून निसटून कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेले. चिडून मी आणखी वेग वाढवला.

शेजारचा बॅचमेट भलता चिकित्सक. सुरुवातीला त्याला वेळ कधीच पुरायचा नाही, आम्ही हसायचो. पण तो वहीत वेळेशेजारी चुकाही लिहायचा. मी नुसती वेळ. दोन महिन्यांत तो माझ्या पुढे गेला.

एक मैत्रीण एकटी असली की सुरेख गाठ मारायची. सर मागे येऊन उभे राहिले की नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) इतका आवळायची की बोटं पांढरी पडायची, सुई फिरायचीच नाही. मग तिने आम्हालाच मागे उभं करून गप्पा मारायला लावल्या आणि त्या गोंगाटात टाके घातले. हा उपाय मला फार आवडला.

स्वभावाचे पाच पैलू मोजणाऱ्या मानसशास्त्रातल्या प्रश्नावल्या हल्ली सर्जरीच्या प्रशिक्षणार्थींनाही भरायला देतात. जरूर भरा, पण त्यावरून 'मी सर्जन होणार की नाही' ठरवू नका. सराव कुठे कच्चा राहणार, एवढा अंदाज त्यातून घ्या.

घाईवर माझा उपाय मंडईत मिळाला. सुश्रुतसंहितेत छेदनाचा सराव कोहळा, दुधी, काकडीवर करायला सांगितलाय. मी दुधी आणला आणि नियम केला: सालच कापायची, गराला धक्का नाही. पहिल्या कापाची सुरुवात बरी होती, शेवटी पातं खोल रुतलं. काप संपत आला की माझं मन पुढच्या कापावर पोचलेलं असायचं! टाक्यांच्या रांगेतही शेवटचे दोन तेवढे वाकडे. आता शेवटच्या टाक्याआधी मी नीडल होल्डर खाली ठेवते, श्वास घेते, मग उचलते. असिस्ट करणाऱ्या ज्युनिअरला वाटतं, मॅडम दमल्या.