लॉनचा पंप घेताना आधी हेड मोजा

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळाभर लॉनकडे बघावं लागत नाही. खरी परीक्षा मार्च ते मे. तेव्हा गच्चीवरच्या टाकीची लाइनच स्प्रिंकलरला जोडण्याचा मोह होतो. आम्हीही तेच केलं. नोझलभोवती हातभर वर्तुळ ओलं व्हायचं आणि कडेचं गवत पिवळंच राहायचं. कारण साधं आहे: 7 मीटर उंचीवरच्या टाकीतून जेमतेम 0.7 बार दाब मिळतो आणि पॉप-अप स्प्रेला (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारा फवारा) साधारण 2 बार लागतो.

म्हणून लॉनला वेगळा पंप घ्या, पण हिशोब करून. समजा एका वेळी चार नोझल चालणार, प्रत्येकी मिनिटाला 10 लिटर. म्हणजे 40 लिटर. आता हेड, म्हणजे पंपाला पाणी जितकं उंच ढकलावं लागेल ती उंची. 2 बार म्हणजे सुमारे 20 मीटर हेड. आडातलं पाणी 5 मीटर खाली असेल तर ते धरा, पाइपातल्या घर्षणाचे 3 मीटर धरा. झाले 28. दुकानात एचपी विचारण्याआधी पंपाचा तक्ता (किती हेडला किती पाणी ते सांगणारा) मागा आणि 28 मीटरला तो मिनिटाला 40 लिटर देतो का ते बघा. पाटीवरच्या कमाल हेडवर अजिबात जाऊ नका. त्या उंचीला पाणी शून्य येतं.

आडाची पातळी मात्र मे महिन्यातलीच मोजा. दोरीला दगड बांधून सोडला तरी पुरे. पाणी 6-7 मीटरच्या खाली जात असेल तर वर बसवलेला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) ते ओढणार नाही, पाण्यात सोडायचा सबमर्सिबलच घ्यावा लागेल. आणि कोरडा चालला तर आपोआप बंद पडेल असा स्टार्टर बसवाच.