अंदमानला निघताय? घड्याळ आणि डबा दोन्ही सांभाळा

जळगाव-भुसावळकडून अंदमानला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी: तिथे घड्याळ आपलंच चालतं, पण सूर्य नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारासच तो मावळतो. दुपारी जेवून डुलकी काढली की दिवस संपला! म्हणून पहाटे पाचला उठा, समुद्रकिनारे सकाळीच उरकून घ्या.

स्वराज द्वीप (जुनं हॅवलॉक) आणि शहीद द्वीपला (जुनं नील) बहुतेकांना बोटीनेच जावं लागतं. समुद्र खवळला की बोट रद्द होते. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्री विजयपुरमलाच, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला ठेवा. यात तडजोड नको. रोकडही जवळ असू द्या.

उन्हाचं आपल्याला काय कौतुक, पण तिथला घाम वाळतच नाही. जाड जीन्स घरी ठेवा, सुती कपडे घ्या. खाऊचंही तेच: शेवेची पुडी उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत सादळते. घट्ट झाकणाचा डबा न्या. शेंगदाण्याची चटणी त्यात छान टिकते.

शंख-प्रवाळ मात्र किनाऱ्यावरून उचलू नका. विनापरवाना नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.