प्रदेशांचं हवामान शिकताना आधी वारा बघा

प्रादेशिक हवामानाचा अभ्यास सुरू केला की पहिल्याच आठवड्यात एक यादी हाती पडते: अक्षांश, उंची, समुद्रापासूनचं अंतर, सागरी प्रवाह, पर्वतरांगा, वारे. यादी बरोबर आहे, पण पाठ करून ती कामाला येत नाही. यातला कोणताही घटक एकटा काम करत नाही आणि सगळ्यांचं वजन सारखं नसतं. मी पदव्युत्तर शिक्षणापासून याच विषयात आहे, आधी विद्यार्थी म्हणून आणि आता आकडेवारीवर काम करणारा म्हणून. नव्याने येणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. नकाशावरची ठिकाणं जोडीजोडीने घ्या, आणि यादीच्या तळाशी असलेले ‘वारे’ सगळ्यात वर आणा.

जोडी कशी घ्यायची ते बघा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नीस आणि रशियाच्या अतिपूर्वेचं व्लादिवोस्तोक. दोन्ही ४३ ते ४४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे वर्षभर सूर्य जवळपास सारख्याच कोनात. दोन्ही बंदरं, अगदी समुद्राला लागून. यादीप्रमाणे दोघांचा हिवाळा सारखाच सौम्य हवा. प्रत्यक्षात जानेवारीचं सरासरी तापमान नीसला साधारण ९ अंश सेल्सियस आणि व्लादिवोस्तोकला उणे १२ च्या आसपास!

‘समुद्र जवळ म्हणजे हवामान सम’ हे वाक्य इथेच कोलमडतं. समुद्र उशाशी असून भागत नाही, वारा समुद्रावरून यावा लागतो. हिवाळ्यात सायबेरियाची जमीन प्रचंड थंड होते, तिच्यावरची हवा जड होऊन बसते, दाब वाढतो आणि तिथून वारे समुद्राकडे सुटतात. व्लादिवोस्तोक त्यांच्या वाटेत आहे. त्याच्या दारातला समुद्र हिवाळाभर वाऱ्याच्या उलट्या बाजूला असल्यामुळे निरुपयोगी ठरतो. उन्हाळ्यात दाब उलटे होतात, वारे समुद्रावरून येतात आणि वर्षातला बहुतेक पाऊस तेव्हाच पडतो. नीसला उत्तरेकडे आल्प्सचा आडोसा आहे, हिवाळ्यात पश्चिमेकडून ओलसर हवा येत राहते आणि समोर ऊबदार समुद्र आहे. तिथला उन्हाळा मात्र कोरडा, कारण उपोष्ण कटिबंधातला जास्त दाबाचा पट्टा त्या काळात उत्तरेकडे सरकून डोक्यावर येतो आणि खाली बसणारी हवा ढग वाढू देत नाही.

म्हणून जानेवारी आणि जुलैचे वायुभाराचे नकाशे शेजारी शेजारी ठेवूनच अभ्यासाला बसावं. कंटाळवाणे दिसतात, मान्य. पण बाकीचं निम्मं पुस्तक त्या दोन नकाशांत असतं.

पर्वतांचंही तसंच. दक्षिण अमेरिकेतली अँडीज रांग एकच, पण पर्जन्यछाया, म्हणजे पर्वताच्या आडोशाची कोरडी बाजू, दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या बाजूंना. १८ अंश दक्षिणेच्या आसपास व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पूर्वेचे उतार हिरवेगार आणि पश्चिमेला अटाकामाचं वाळवंट. ४५ अंशांवर पश्चिमी वारे वाहतात. तिथे चिलीच्या बाजूला घनदाट ओली जंगलं आणि पूर्वेला पॅटागोनियाचं कोरडं माळरान. नुसता पर्वत बघून कोणती बाजू कोरडी हे सांगताच येत नाही.

अक्षांश आणि उंची हे त्या मानाने सोपे घटक. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान कमी होतं एवढं धरलं तरी विषुववृत्ताला खेटून असलेलं, इक्वेडोरची राजधानी क्विटो २,८०० मीटरवर बारमाही थंड का, हे कळतं. पुढे जाऊ.

खरी मजा नाव झाकलेल्या हवामान आलेखात आहे. बारा महिन्यांची तापमानाची रेषा, पावसाचे स्तंभ, आणि ठिकाण ओळखायचं. समजा, रेषा फेब्रुवारीत २३ अंशांच्या आसपास आहे आणि ऑगस्टमध्ये १६-१७ वर उतरते. पावसाचे स्तंभ जवळपास दिसतच नाहीत. ऑगस्टमध्ये थंडी, म्हणजे दक्षिण गोलार्ध. तापमान कक्षा, म्हणजे सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यातला फरक, सहा-सात अंशांचीच, म्हणजे उष्ण कटिबंध किंवा समुद्राचा मोठा प्रभाव. पण उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यासाठी आकडे थंड आहेत. मग एक तर उंची असेल, नाही तर थंड प्रवाह. एवढ्या उंचीवरच्या ठिकाणी सहसा ऋतूप्रमाणे थोडाफार पाऊस दिसतो, इथे तोही नाही. उरला थंड प्रवाहाचा किनारा. हे पेरूची राजधानी लिमा, १२ अंश दक्षिण. हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी खालची हवा गार करतं, वरची हवा त्या मानाने गरम राहते, त्यामुळे खालची हवा वर चढतच नाही. हिवाळ्यात महिनोन् महिने करडे ढग आणि धुकं, हवेत दमटपणा भरपूर, पण वर्षभराचा पाऊस एखाद-दोन सेंटीमीटर. साधारण त्याच अक्षांशावर, खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ब्राझीलमधल्या साल्व्हादोरला मात्र भरपूर पाऊस पडतो.

असे आलेख सुरुवातीला हाताने काढा. संगणक दोन सेकंदांत काढून देतो, पण कोणत्या महिन्यात रेषा वळली हे हाताला जास्त लक्षात राहतं, असं माझं मत.

कोपेनच्या वर्गीकरणाने, म्हणजे तापमान आणि पावसावरून हवामानाला अक्षरांची चिन्हं देणाऱ्या पद्धतीने, मात्र सुरुवात करू नका. व्लादिमिर कोपेन वनस्पतिशास्त्र शिकलेले होते आणि त्यांच्या सीमा झाडांवरून सुचलेल्या आहेत. सर्वांत उष्ण महिन्याची १० अंशांची मर्यादा साधारण जिथे वृक्ष संपतात तिथून जाते. पद्धत सुंदर आहे, पण ती परिणामाला नाव देते, कारण सांगत नाही. लंडन आणि बोगोटा या दोघांनाही ‘सीएफबी’ (सौम्य, कोरडा ऋतू नसलेलं हवामान) हेच चिन्ह मिळतं. लंडन सौम्य आहे ते अटलांटिकवरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे. बोगोटा विषुववृत्ताजवळ, पण २,६०० मीटरवर आहे. तिथे बाराही महिने तापमान जवळपास एकच, लंडनला ऋतू स्पष्ट. चिन्ह पाठ करणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

पुढे आकडेवारीच्या कामात जायचं असेल तर प्रोग्रॅमिंग लागेलच, पायथन पुरेसं आहे. युरोपीय हवामान अंदाज केंद्राची ‘ईआरए-५’ ही, निरीक्षणं आणि संगणकीय प्रारूप जोडून तयार केलेली जगभराची माहिती १९४० पासून तासातासाची मिळते आणि पहिल्यांदा हाती आली की माणूस हरखून जातो. पण तिचा एकेक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा आहे. एवढ्या चौकोनात डोंगरमाथा आणि त्यामागची दरी यांची सरासरी होते, आणि पर्जन्यछाया पुसट होते किंवा दिसतच नाही. नकाशे डोळ्यांखालून गेलेला माणूस तिथे थबकतो आणि प्रत्यक्ष केंद्रावरची नोंद मागवतो. नुसता कोड येणारा पुढे जातो. सरासरी काढताना ३० वर्षांचा काळ घ्यायचा, सध्याचा प्रमाण कालखंड १९९१ ते २०२०, हेही सुरुवातीपासून अंगवळणी पाडा.

सरावाला एक जोडी देतो: रिओ दि जानेरो आणि नामिबियातलं वॉल्विस बे. दोन्ही जवळपास २३ अंश दक्षिणेला, दोन्ही अटलांटिकच्याच काठावर, एकमेकांच्या समोरासमोर. एकाच्या मागे डोंगरावर जंगल, दुसऱ्याच्या मागे वाळूच्या टेकड्या. पुस्तक मिटून, जानेवारी-जुलैचे दोन नकाशे आणि सागरी प्रवाहांचा एक, एवढ्यावर कारण लिहून काढा. नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या बेंग्युएला या थंड प्रवाहाचं नाव तुमच्या उत्तरात येईलच, पण ते पहिल्या ओळीत आलं तर उत्तर पुन्हा लिहा. आधी त्या किनाऱ्यांवर वारा कुठून येतो ते हवं.